महिन्याला एक मिलिमीटर

"माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, नववीत शिकते. दात पुढे आलेले आणि दाटीवाटीचे म्हणून मागच्या मार्चमध्ये कोल्हापूरला तारा बसवल्या. त्याआधी चार दात काढले. सुरुवातीला डॉक्टर दीड महिन्याने बोलवायचे, दिवाळीपासून मात्र दर चार आठवड्यांनी बोलावतात. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. तिची शाळा बुडते, माझा दिवस बुडतो आणि खुर्चीत ती जेमतेम दहा मिनिटं असते. रबर बदलतात, 'छान चाललंय' म्हणतात, पुढची तारीख देतात. पुण्यातल्या माझ्या भाचीला अडीच महिन्यांनी बोलावतात, मग आम्हालाच दर महिन्याला का? एक-दोन खेपा गाळल्या तर काय बिघडेल? पुढच्या वर्षी तिची दहावी आहे. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या कामातून मला मान वर काढायलाही फुरसत नसते. डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही."
— एक आई, देवगड

ताई,

तुमचं पत्र वाचताना माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या कितीतरी आया डोळ्यांसमोर आल्या. पहाटेची एसटी पकडून आलेल्या, मांडीवर डब्याची पिशवी घेतलेल्या. नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे, कारण परतीची गाडी चुकली तर मुक्कामच. तुम्ही विचारलाय तो प्रश्न त्यांच्यापैकी फार थोड्यांनी मला तोंडाने विचारला. मनात तो सगळ्यांच्याच असणार. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर देते. बसवलेल्या तारा असतील तर मुलामुलींना साधारण चार ते आठ आठवड्यांनी ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडे, जावं लागतं. चार की सहा की आठ, हे तोंडात त्या वेळी कोणतं काम चालू आहे त्यावर ठरतं. तुमच्या लेकीचं काम सध्या ज्या टप्प्यावर आहे तिथे चार आठवडे हा आकडा मला पटतो. तेव्हा आपल्या मनाने खेपा गाळू नका. डॉक्टरांशी बोललात तर मात्र चाराचे सहा होऊ शकतात, आणि ते कसं हे पुढे सांगते.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवरून मला बरंच कळलं. चार दात काढले, आणि दिवाळीपासून खेपा वाढल्या. म्हणजे पहिले सात-आठ महिने वेडेवाकडे दात ओळीत आणण्यात गेले. ते झाल्यावर आता काढलेल्या दातांची मोकळी जागा मिटवून समोरचे दात मागे घ्यायचं काम सुरू झालंय. ही दोन कामं अगदी वेगळी आहेत, आणि खेपांमधलं अंतर बदलण्याचं कारण तेच आहे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पडदा असतो, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. वहीची दोन पानं एकावर एक ठेवली तर होईल तेवढा. तार दाताला ढकलते तेव्हा एका बाजूला हा पडदा दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दाबल्या बाजूचं हाड शरीरातल्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात, ताणलेल्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. दात सरकतो तो असा. तार बदलल्यावर तुमची लेक दोन दिवस वरणभातच मागत असेल, ते या दाबामुळेच. दुखणं पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त असतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. दुखणं थांबलं तरी हाडाचं काम चालूच असतं.

हे काम घाईने होत नाही. फार जोर लावला तर त्या पडद्यातला रक्तपुरवठाच बंद पडतो, तेवढा भाग निकामी होतो आणि दात एक-दोन आठवडे जागचा हलत नाही. वर मुळांची टोकं झिजण्याचा धोका वाढतो. 'डॉक्टर, दर पंधरा दिवसांनी टाईट करा ना, लवकर सुटेल' असं म्हणणारे पालकही मला भेटतात. त्यांना मी लोणच्याचं उदाहरण देते. बरणी रोज उघडून ढवळली म्हणून लोणचं लवकर मुरत नाही. ओढलेल्या दाताला सावरायला आणि हाड भरायला तीन-चार आठवडे द्यावेच लागतात. त्यामुळे तारा घट्ट करायला तीन आठवड्यांच्या आत बोलावण्यात सहसा अर्थ नसतो.

मग वरची मर्यादा कशावर ठरते? तारेत आणि रबरात किती दम उरलाय यावर. पूर्वी सगळं काम स्टीलच्या तारेवर चालायचं. स्टीलची तार वाकवून बसवली की सुरुवातीला जोरात ढकलते आणि दात थोडा सरकला की तिचा जोर संपतो, म्हणून पेशंटला सारखं बोलवावं लागायचं. १९७० च्या दशकात निकेल-टायटॅनियमची तार दंतवैद्यकात आली. हा मिश्रधातू मुळात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता. त्याची बारीक तार वाकड्यातिकड्या दातांमधून ओवली तरी आपला मूळ गोलाकार विसरत नाही आणि त्याकडे परत येताना आठवडेच्या आठवडे हलका, सारखा जोर देत राहते. दात ओळीत आणायच्या टप्प्यात आम्ही सहा-आठ आठवड्यांची तारीख निर्धास्तपणे देऊ शकतो, ते या तारेच्या भरवशावर. तुमच्या लेकीला दीड महिना मिळत होता तो म्हणूनच.

आता जागा मिटवण्याचं काम. काढतात ती बहुधा सुळ्यामागची छोटी दाढ. ती साधारण सात मिलिमीटर रुंद असते. त्या जागेतला काही भाग दाटी सोडवण्यातच खर्च होतो, उरलेली फट मिटवायची असते. ती महिन्याला साधारण एक मिलिमीटरने मिटते. कुणाची थोडी जास्त, कुणाची कमी. यासाठी बऱ्याच ठिकाणी वापरतात ती रबराची साखळी, आम्ही तिला पॉवर चेन म्हणतो. लेकीच्या तोंडात ब्रॅकेटवरून, म्हणजे तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांवरून, गेलेली एकमेकांना जोडलेली छोटी कडी दिसतात ना, तीच. हे रबर बसवल्या दिवशी छान ओढतं, पण तोंडातल्या ओलाव्याने आणि उष्णतेने पहिल्या चोवीस तासांतच त्याचा जवळपास निम्मा जोर जातो. उरलेला पुढच्या आठवड्यांत उतरत जातो आणि चार-सहा आठवड्यांनी ते नावापुरतंच राहतं. तीन महिने तीच साखळी ठेवली तर त्यातला बराचसा काळ दात तारा घालून नुसते बसून राहतील. उपचार तेवढे लांबतील आणि तारा तोंडात जितके जास्त महिने, तितका किडीचा धोका जास्त.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जागा मिटवणं ही रस्सीखेच असते. समोरचे सहा दात मागे ओढायचे तर दोर मागच्या दाढांना बांधावा लागतो, आणि रस्सीखेचीत दोन्हीकडचे गडी सरकतात. समोरचे दात मागे येतात तशा दाढाही थोड्या पुढे येतात. तुमच्या लेकीचे दात पुढे होते, म्हणजे मोकळी केलेली जागा समोरच्या दातांना मिळायला हवी. दाढाच पुढे सरकून ती खाऊन बसल्या तर फट मिटेल, बाहेरून सगळं छान दिसेल, पण ओठ आणि दात होते तिथेच राहतील. त्यासाठी तर चार चांगले दात काढले होते! गेलेली जागा पुन्हा मिळवणं फार अवघड असतं. डॉक्टर दर खेपेला बघतात ते हेच. दाढांनी जागा खायला सुरुवात केली तर ते चौथ्या आठवड्यात कळणं आणि चौथ्या महिन्यात कळणं यांत फार फरक आहे.

त्या दहा मिनिटांकडे आता पुन्हा बघा. डॉक्टर आधी दात चावायला सांगतात आणि गाल बाजूला करून दोन्हीकडून बघतात. सुळा आणि खालचा दात यांचं नातं मागच्या वेळी कसं होतं, आज कसं आहे. मग छोटी पट्टी लावून फट मोजतात आणि केसपेपरवर उजवी-डावीचा आकडा लिहितात. रबरं काढून तार बाहेर काढली की एकेक ब्रॅकेट अवजाराने हलवून बघतात, कारण सुटलेलं ब्रॅकेट तारेवर नुसतं लटकलेलं असतं आणि बाहेरून कळत नाही. हिरडी सुजली आहे का, दातावर कुठे खडूसारखा पांढरा डाग दिसतोय का, हे त्याच वेळी बघून होतं. मग तार पुसून किंवा बदलून पुन्हा ओवतात, रबरं चढवतात, मागचं वाढलेलं टोक कापतात आणि शेवटी दाढेमागे बोट फिरवून विचारतात, 'टोचतंय का?' हात बसला की हे सगळं दहा मिनिटांत होतं. बाहेर बाकावर बसलेल्या आईला मात्र 'रबर बदललं' एवढंच कळतं. यात दोष आम्हा डॉक्टरांचा आहे. तुम्ही चार तास प्रवास करून आल्यावर आज काय मोजलं, काय झालं आणि पुढच्या महिन्यात काय होणार, हे दोन वाक्यांत सांगायला हवं. मी स्वतः हे फार उशिरा शिकले.

भाचीचं म्हणाल तर तिच्या तोंडात नेमकं काय आहे ते आधी विचारा. पारदर्शक प्लास्टिकचे साचे, म्हणजे अलायनर असतील तर त्यांचा बरेच आठवडे पुरेल एवढा संच एकदमच देतात, मुलं एक-दोन आठवड्यांनी स्वतःच पुढचा साचा चढवतात आणि डॉक्टर दोन-अडीच महिन्यांनी तपासतात. तारा असतील तर तिचं काम कदाचित ओळीत आणण्याच्या टप्प्यावर असेल, दात काढलेले नसतील. दोन मुलींच्या तारखांची तुलना करून हाती काही लागत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, खेपा गाळल्या तर काय होतं? हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण प्रत्यक्ष बघितलं २०२० मध्ये. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, दातांचे दवाखाने तातडीच्या कामापुरतेच उरले आणि माझी तारावाली मुलं तीन-तीन, चार-चार महिने येऊच शकली नाहीत. ती परत येऊ लागली तेव्हा मी धडधडत्या छातीने एकेकाचं तोंड उघडून बघत होते. ज्यांच्या तोंडात बारीक निकेल-टायटॅनियमची तार होती आणि ब्रशही नीट होता, त्यांचे दात माझ्याविनाच छान ओळीत आले होते. ज्यांचं जागा मिटवण्याचं काम चालू होतं, त्यांच्यापैकी काहींचं जिथल्या तिथे थांबलं होतं. एक मुलगा मला अजून आठवतो, तेव्हा तुमच्या लेकीएवढाच होता. त्याची उजवीकडची साखळी तुटली होती, डावीकडची ओढत राहिली होती. समोरच्या दातांची मधली रेघ डावीकडे सरकली होती. ती आम्ही पुढच्या सात-आठ महिन्यांत जागेवर आणली. पण ब्रॅकेट काढलं तेव्हा वरच्या चार दातांवर ब्रॅकेटभोवती चौकोनी पांढरे डाग निघाले, ते पूर्ण गेले नाहीत. दात सरळ झाले, पण तो फोटोत ओठ मिटून हसायचा.

या पांढऱ्या डागांबद्दल प्रत्येक आईला कळायला हवं. ब्रॅकेटच्या कडेला अन्नाचा चिकट थर साचून राहिला तर त्याखालच्या दातातली खनिजं विरघळू लागतात, आणि ही सुरुवात डोळ्यांना दिसायला चार आठवडेसुद्धा पुरतात. आपण ज्या चार आठवड्यांबद्दल बोलतोय तेच हे चार आठवडे. ज्या मुलाचा ब्रश चांगला नाही त्याला मी काम कोणत्याही टप्प्यावर असो, लवकरच बोलावते. आणि जिचा ब्रश चांगला आहे तिला जास्त अंतर द्यायची माझी हिंमत होते. म्हणजे खेपा कमी करायची एक किल्ली तुमच्या लेकीच्याच हातात आहे. प्रत्येक जेवणानंतर ब्रश, ब्रॅकेटच्या वरून आणि खालून तिरका धरून. तारेखालून जाणारा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा छोटा ब्रश मिळतो, तो रात्री एकदा. टूथपेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइड १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलंय का ते बघा. काही आयुर्वेदिक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. तारा असेपर्यंत तरी फ्लोराइडची पेस्ट वापरा.

आता डॉक्टरांशी बोलण्याचं. धीर होत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते मला समजतं. पण 'आम्हाला इतक्या वेळा जमणार नाही' असं न म्हणता असं विचारा: 'डॉक्टर, सध्या जागा किती उरली आहे? मिटायला साधारण किती महिने लागतील? आम्ही देवगडहून येतो, तर दोन खेपांमधलं अंतर सहा आठवडे होईल असं काही करता येईल का?' हा प्रश्न ऐकून चांगला डॉक्टर चिडत नाही, विचारात पडतो. कारण करता येण्यासारखं असतं. रबराच्या साखळीऐवजी निकेल-टायटॅनियमची छोटी स्प्रिंग वापरता येते. तिचा जोर रबरासारखा उतरत नाही, ती दोन महिनेही बऱ्यापैकी सारखी ओढते. खर्च थोडा जास्त येतो, पण तुमच्या दोन प्रवासांच्या तिकिटांपुढे आणि बुडालेल्या दिवसांपुढे तो काढून बघा. प्रत्येक तोंडात स्प्रिंग चालेलच असं नाही, आणि ती लावली तरी दाढा सरकतात का यावर लक्ष ठेवावंच लागतं. पण विचारायला हरकत नाही.

दुसरी सोय फोटोंची. मधल्या काळात दर दोन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले तर चालतील का, हे विचारून ठेवा. फोटो काढायची युक्ती सांगते. लेकीला उजेडात, दारात उभी करा. दोन स्वच्छ चमच्यांच्या दांड्यांनी तिने स्वतः दोन्ही गाल बाजूला ओढायचे आणि मागचे दात चावून धरायचे. तुम्ही समोरून, उजवीकडून आणि डावीकडून, फ्लॅश न लावता तीन फोटो काढा. साखळी तुटली, ब्रॅकेट निघालं, हिरडी सुजली हे अशा फोटोत दिसतं. दात हलतोय का, मुळाचं काय चाललंय हे दिसत नाही, त्यासाठी खुर्ची आणि एक्स-रेच लागतो. फोटो म्हणजे खेपेची जागा घेणारी गोष्ट समजू नका. चार आठवड्यांचे सहा केले तर त्या दोन आठवड्यांवर पहारा ठेवायला तो उपयोगी आहे.

तिसरं, बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातून एखाद-दोन दिवस तालुक्याच्या गावी दुसऱ्या डेंटिस्टच्या दवाखान्यात येतात. तुमचे डॉक्टर कणकवलीला किंवा आसपास कुठे येतात का, हे त्यांच्या रिसेप्शनवर एकदा विचारा. मी स्वतः वर्षानुवर्षं अशी दुसऱ्या गावी जात आलेय आणि माझ्याच पेशंटच्या आयांना ते माहीत नसायचं. उपचार मध्येच सोडून दुसऱ्या डॉक्टरकडे जायचा सल्ला मात्र मी देणार नाही. प्रत्येकाची ब्रॅकेटची पद्धत वेगळी, हिशेब वेगळा, आणि रस्सीखेच अर्ध्यावर असताना गडी बदलणं दातांना परवडत नाही. फार तर गावातल्या डेंटिस्टशी ओळख ठेवा. टोचणारी तार कापायला आणि दात साफ करायला ते पुरेसे आहेत.

काही घरांत अशीही शंका असते की दर महिन्याला बोलावतात ते पैशांसाठी. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, तरी सांगते. बऱ्याच ठिकाणी पूर्ण उपचाराची रक्कम सुरुवातीलाच ठरते आणि हप्त्याने घेतात, जास्त खेपांनी ती वाढत नाही. तुमच्याकडे खेपेगणिक पैसे घेत असतील तर एकूण किती होतील ते लिहून मागा.

दहावीचं. आत्ता जानेवारी आहे. तुमच्या लेकीची फट सगळं सुरळीत गेलं तर साधारण पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत मिटत यावी. त्यानंतर बारीकसारीक दुरुस्तीचे काही महिने असतात. चावा नीट बसवायला वरच्या आणि खालच्या दातांत अडकवायचे छोटे रबर देतात. ते जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर घालायचे असतात आणि रोज बदलायचे असतात. इथे मुलांचं दुर्लक्ष झालं की उपचार हमखास रेंगाळतात. काल विसरले म्हणून आज दोन दोन लावणंही चूक, दुप्पट जोराने दात सरकत नाही, नुसता दुखतो. डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा की पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे. मी माझ्या दहावीच्या मुलांना परीक्षेआधीच्या दोन आठवड्यांत नवी जाड तार घालत नाही. जानेवारीत काम अशा ठिकाणी आणून ठेवते की तार नुसती धरून राहील, ओढणार नाही. मग सात-आठ आठवडे आले नाही तरी चालतं. तोवर तारा निघाल्या असतील तर आणखीच बरं. रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला देतात ते साधन, लागल्यावर खेपा विरळ होतात. आधी महिन्याने, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. रिटेनर घालायचा मात्र कंटाळा करायचा नाही. हाड पक्कं व्हायच्या आत दात जुन्या जागेकडे ओढ घेतातच.

एक गोष्ट तारखेची वाट न बघता करायची. ब्रॅकेट निघालं, तार तुटली किंवा साखळी सुटली तर त्याच दिवशी फोन. 'पंधरा दिवसांनी जायचंच आहे, तेव्हा सांगू' असं म्हणू नका. डॉक्टर फोनवर विचारून ठरवतील की थांबलं तरी चालेल की यायला हवं, आणि तारीख देतानाच दुरुस्तीला जास्त वेळ राखून ठेवतील, म्हणजे दुसरी खेप वाचेल. तार टोचत असेल तर दवाखान्यातून दिलेलं मेण ती जागा कोरडी पुसून तिथे चिकटवायचं. निघालेला तुकडा गिळला गेला असं वाटलं आणि खोकला किंवा श्वासाला त्रास असेल तर मात्र कोल्हापूरची वाट न बघता थेट जवळच्या रुग्णालयात.

आता एप्रिल-मे. बागायतदाराच्या घरात हे दोन महिने काय असतात याची मला कल्पना आहे. चौदा वर्षांची मुलगी कुणा ओळखीच्या माणसासोबत जाऊ शकते, दर खेपेला आईच हवी असं नाही. मावशी, आजोबा, कुणीही चालेल. फक्त जाताना तिच्याकडे एक छोटी वही द्या. त्यात डॉक्टरांनी सांगितलेले उजवी-डावीचे आकडे तिनेच लिहून आणायचे. मुलं स्वतः आकडे लिहू लागली की ब्रशही आपोआप सुधारतो, असं मी पुन्हा पुन्हा बघितलंय. मार्चअखेरची एक खेप चुकवू नका आणि तेव्हाच सांगा की पुढची तारीख मेच्या पहिल्या आठवड्याच्या आत जमणार नाही. डॉक्टर त्या हिशेबाने स्प्रिंग लावतील किंवा काम आखतील.

आणि हंगामात ब्रॅकेट निघायला नको असेल तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, लेकीला हापूस फोडी करूनच द्यायचा. कोय चोखताना तिचे धागे ब्रॅकेटमध्ये अडकतात आणि ओढताना ब्रॅकेटच हातात येतं. दरवर्षी मेमध्ये माझ्याकडे अशी दोन-चार मुलं येतात. फणसाच्या चिकट गऱ्यांचं आणि चिक्कीचंही तेच. भाकरी चालेल, पण कडेचा कडक भाग काढून, आमटीत कुस्करून.